सुरुंगाच्या आधी जमीन ऐकावी लागते

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जिथे काळी वाळू लागते, तिथे लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवला की मिनिटभरात कागदाला काळ्या कणांची दाढी फुटते. लहानपणी आम्ही हा खेळ खेळायचो. आता वर्गातली मुलं खेळतात, कण वहीच्या पानावर पसरतात आणि खालून चुंबक फिरवून त्यांना नाचवतात. हे कण म्हणजे लोखंड नव्हे, लोखंडाची खनिजं. आपल्याकडच्या वाळूत इल्मेनाइट भरपूर, पण चुंबकाला झटकन चिकटतं ते मुख्यतः मॅग्नेटाइट.

या काळ्या भुकटीपायी माणसं जायबंदी झाली, मेली, असं सांगितलं तर वर्गात कुणाचा विश्वास बसत नाही. भुकटीने थेट काही केलं नाही हे खरंच. तिने सुरुंग शोधणाऱ्या यंत्राला फसवलं, आणि यंत्रावर भरवसा ठेवून ज्याने पुढचं पाऊल टाकलं त्याने त्याची किंमत दिली. जमिनीतली ही भुकटी किती आहे, कोणत्या जातीची आहे, हे आधी मोजायचं आणि मग सुरुंग शोधायला लागायचं, एवढी साधी वाटणारी गोष्ट पक्की व्हायला शंभरावर वर्षं गेली.

आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक, स्टेशनच्या दारातली चौकट. दुसरी, गुप्तधन. जमिनीत पुरलेल्या धनाचं आकर्षण जुनंच आहे. आपल्या फिकहमध्ये त्याला ‘रिकाज’ म्हणतात आणि त्यातला पाचवा हिस्सा काढून द्यायचा नियम आहे. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, त्यानुसार असं काही सापडलं तर ते सरकारला कळवावं लागतं. तेव्हा यंत्र घेऊन एखाद्या पडक्या गढीत फिरण्याआधी हा कायदा वाचून घ्यावा, इतकंच सांगतो आणि गुप्तधनाचा विषय सोडतो. कारण या यंत्राचा खरा इतिहास धनाचा नाही. त्याची सुरुवात एका मरणाऱ्या माणसाच्या पलंगापाशी होते.

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि कुठे गेली ते कळेना. एक्स-रेचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं घालून शोधत होते, तीही न धुतलेली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना वाटलं की विजेने हे काम होईल. तारेची दोन वेटोळी एकमेकांवर अशी ठेवायची की एकाचा परिणाम दुसऱ्यावर पडू नये, म्हणजे टेलिफोनात शांतता. जवळ धातू आला की तो तोल बिघडतो आणि कानात आवाज येतो. बेलनी बंदुकीच्या गोळ्या मांसाच्या तुकड्यांत लपवून यंत्राची परीक्षा घेतली. यंत्र चालत होतं.

राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवल्यावर मात्र नेमकी जागा दाखवण्याऐवजी एका मोठ्या पट्ट्यात मंद आवाज येत राहिला. कारण नंतर कळलं. ज्या गादीवर त्यांना निजवलं होतं तिच्याखाली पोलादी तारांची जाळी होती. त्यात मुख्य डॉक्टरांचा हट्ट असा की गोळी उजव्या बाजूलाच आहे, त्यामुळे शोध उजवीकडेच घेतला गेला. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतो. यंत्र खोटं बोललं नव्हतं. गोळीचा आवाज आणि गादीचा आवाज वेगळे करायला कुणी शिकलेलं नव्हतं, एवढंच. पुढे गादीच्या जागी जमीन आली.

१९३० च्या दशकात अमेरिकेत गेरहार्ड फिशर नावाचा जर्मन अभियंता विमानांना रेडिओवरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रांवर काम करत होता. खनिजांचे साठे असलेल्या भागात ही दिशा चुकते, हे त्याच्या ध्यानात आलं. चूक दुरुस्त करता करता त्याला सुचलं की ही चूकच विकता येईल. जमिनीत धातू आहे हे सांगणारं यंत्र त्याने काढलं आणि १९३७ साली त्याला पेटंट मिळालं. म्हणजे बेलच्या यंत्राला पाठीमागचा लोखंडी पसारा नडला, तर फिशरचं यंत्र जमिनीतल्या खनिजाच्या उपद्रवातूनच जन्माला आलं. जमीन स्वतः ‘बोलते’ हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी युद्ध सुरू झालं तेव्हा ते कुणाला फारसं आठवत नव्हतं.

युद्धातल्या सुरुंगांची गोष्ट सांगायची तर पुण्याजवळच्या खडकीचं नाव घ्यावंच लागतं. तिथल्या रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २१ व्या फील्ड कंपनीतले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत १९४१ च्या जानेवारीअखेर सुदान-अ‍ॅबिसिनियाच्या सरहद्दीवर होते. इटालियन फौज मेटेम्मा सोडून गोंदरच्या दिशेने मागे हटत होती आणि जाताना रस्त्यात सुरुंग पेरत होती. भगत सगळ्यात पुढच्या गाडीत. चार दिवस, ५५ मैल, १५ सुरुंगपट्टे. दोनदा त्यांची गाडीच उडाली, बरोबरची माणसं गेली. एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस देतो म्हटल्यावर त्यांनी नकार दिला, कारण आता या कामाची आपल्यालाच जास्त माहिती झाली आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सुरुंग शोधण्याचं चांगलं यंत्र तेव्हा रणांगणावर पोचलं नव्हतं. उकरलेली माती, न जुळणारा रंग, बेनेटच्या टोकाला लागणारा अडथळा, यावर काम चालायचं. गोंदरकडचा डोंगराळ प्रदेश आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्याच्या थरांचा, बसाल्टचा आहे. त्या काळचं यंत्र भगतांच्या हाती असतं तरी अशा खडकावर ते कितपत उपयोगी पडलं असतं, याची मला शंका आहे.

चांगलं यंत्र बनवलं ते एका निर्वासिताने. युझेफ कोसाकी हा पोलिश अभियंता, जर्मनांनी देश घेतल्यावर निसटून स्कॉटलंडात पोलिश फौजेत आलेला. १९४१ मध्ये त्याने बांबूएवढ्या काठीच्या टोकाला वेटोळी, पाठीवर बॅटरी आणि कानाला टेलिफोन असं यंत्र तयार केलं. वजन चौदा किलोच्या आसपास. त्याने पेटंट घेतलं नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं. मोबदला म्हणून राजाकडून आभाराचं पत्र आलं. घरची माणसं जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये असल्यामुळे त्याचं नाव युद्धभर लपवून ठेवलं होतं.

१९४२ च्या ऑक्टोबरात इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत अशी ५०० यंत्रं उतरवली. सैनिक तासाला शंभर चौरस मीटर साफ करत होते ते दोनशे करू लागले. अलामीनच्या किनाऱ्याचा खडक चुनखडीचा आहे. चुनखडी आणि तिची वाळू यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ मुकी. वर जर्मन टेलर माइन म्हणजे पोलादाचं मोठं ताट. मुकी जमीन आणि मोठा धातू, यंत्राला याहून सोपी परीक्षा नाही. लढाई संपली, पण त्या वाळवंटात सगळ्या बाजूंच्या फौजांनी पेरलेले सुरुंग राहिले ते राहिलेच. त्या युद्धाशी काही देणंघेणं नसलेल्या बदाऊ मेंढपाळांच्या पिढ्या त्यावर पाय गमावत आल्या आहेत.

यंत्राच्या यशाला उत्तर म्हणून सुरुंगातला धातू कमी होत गेला. जर्मनांचा शू माइन हा लाकडी खोका होता, लोखंड जवळपास फक्त चापात. युद्धानंतर प्लास्टिक आलं. अमेरिकन एम-१४ हा सुरुंग तळहातावर मावतो, उंची चार सेंटिमीटर, धातू म्हणाल तर एक बारीक पोलादी टाचणी. तो माणूस मारण्यासाठी नसून पाय तोडण्यासाठी बनवला आहे. जखमी सैनिकाला उचलायला आणखी दोन लागतात, असा त्यामागचा हिशेब. असल्या सुरुंगांची दहशत इतकी वाढली की १९९६ च्या आंतरराष्ट्रीय करारात एक वजन लिहावं लागलं. पायदळाविरुद्धच्या सुरुंगाने निदान एकसंध ८ ग्रॅम लोखंडाएवढा आवाज यंत्राला दिला पाहिजे. भारताने सुरुंगबंदीचा ओटावा करार स्वीकारलेला नाही, पण ही अट मान्य केली आहे आणि आपल्या एम-१४ जातीच्या सुरुंगांत धातू वाढवला आहे. करार माणसाच्या जिवाबद्दल बोलायला बसला आणि आठ ग्रॅमवर येऊन थांबला.

आता या आठ ग्रॅमच्या समोर जमीन ठेवा.

काठीच्या टोकाच्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज जाते. तिच्यामुळे खालच्या जमिनीत चुंबकीय क्षेत्र उठतं-पडतं. वाटेत धातू असला तर त्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते उलट उत्तर पाठवतात. हे उत्तर जरासं उशिरा येतं. मॅग्नेटाइटचे कण असलेली मातीही उत्तर देते, पण तिच्यात भोवरे नसतात, ती नुसती चुंबक होऊन सोडून देते. तिचं उत्तर जवळपास लगेच येतं. दोन उत्तरांत असा वेळेचा फरक असल्यामुळेच यंत्राला एक ऐकून दुसरं सोडून देता येतं. १९७० च्या दशकात यंत्रांत ही सोय आली. चालवणारा वेटोळं जमिनीपाशी वरखाली करतो आणि आवाज बंद होईपर्यंत खिट्टी फिरवतो. अलीकडची यंत्रं हे स्वतः करतात आणि पडद्यावर आकडा दाखवतात.

इथे पुष्कळ लोक घोळ करतात, म्हणून जरा थांबतो. जमिनीबद्दल यंत्र दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकतं. पडद्यावरचा तो आकडा, बऱ्याच यंत्रांत शून्य ते नव्व्याण्णव, जमिनीची जात सांगतो. वरच्या टोकाला मॅग्नेटाइटसारखी खनिजं, खालच्या टोकाला खारट ओली वाळू, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि त्याचं उत्तर उशिरा येतं. दुसरी गोष्ट म्हणजे जोर. किती खनिज आहे, उत्तर किती मोठं आहे. काही यंत्रांत यासाठी वेगळी पट्टी असते. भाषेच्या मास्तराला सोपी उपमा सुचते: पहिला आकडा लहजा सांगतो, दुसरा आवाजाची पट्टी. कोण बोलतंय ते एक, आणि किती मोठ्याने बोलतंय ते दुसरं. पडद्यावर ८५ दिसलं म्हणून जमीन ‘फार खराब’ असं होत नाही. लहजा मॅग्नेटाइटचा आहे, पण कुजबुज असेल तर काम निभतं. तोच ८५ आणि वर पट्टी पूर्ण भरलेली, तर मात्र बाजारातल्या गोंगाटात टाचणी पडल्याचा आवाज ऐकायचा आहे.

गोंगाट झाला की माणूस काय करतो? कान झाकतो. यंत्राची संवेदना कमी करतो. त्याबरोबर यंत्र शांत होतं, काम झपाझप सरकतं, आणि माणसाला वाटतं जमीन स्वच्छ आहे. सोनं शोधणाऱ्या हौशी माणसाचं यात एखादं सोनं राहून जाईल. सुरुंग शोधणाऱ्याच्या बाबतीत काय राहून जाईल ते सांगायला नको. यंत्राची शांतता दोन कारणांनी येते, खाली काही नाही म्हणून किंवा यंत्राला ऐकू येत नाही म्हणून, आणि हेडफोनमध्ये दोन्ही अगदी सारख्याच वाटतात.

मोठ्या आवाजाच्या जमिनी जगात कुठे आहेत ते पाहिलं की मन खट्टू होतं. अंगोला, मोझांबिक, कंबोडिया, लाओस. उष्ण प्रदेश, मुसळधार पाऊस, लाल माती. हजारो वर्षांच्या पावसाने बाकीचं वाहून गेलं आणि लोखंड-अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. आपण कोकणात त्याला जांभा म्हणतो, त्याचे चिरे काढून घरं बांधतो. शास्त्रातलं नाव लॅटेराइट, तेही भारतातलंच. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात लोक हा दगड विटेसारखा कापतात हे पाहून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून ते ठेवलं. म्हणजे घरच्या अंगणातलीच जात. फरक इतकाच की तिथे त्या मातीत सुरुंग पेरले गेले.

मात्र मातीच्या रंगावर जाऊ नये. लाल रंग हेमाटाइटचा असतो आणि हेमाटाइट चुंबकीयदृष्ट्या अबोल आहे. त्रास देतात ते मॅग्नेटाइट आणि त्याचा भाऊ मॅघेमाइट. त्यातही मॅघेमाइटचे अतिसूक्ष्म कण, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपासचे. हे कण लगेच उत्तर देत नाहीत. रेंगाळतात, म्हणजे धातूची नक्कल करतात. एखादी जमीन लोखंडाने ठासून भरलेली असून बिनत्रासाची निघते, आणि दुसरी साधी तपकिरी दिसणारी यंत्राला वेडं करते.

माती तापली तरीही असे कण तयार होतात. चुलीखालची माती, वीटभट्टीची जागा, जळलेलं शेत. उत्खनन करणारे लोक याचा फायदा घेऊन जुन्या चुली शोधतात. सुरुंग काढणाऱ्याला त्याचा जाच होतो. युद्धात घर जळतं, पडतं, आणि भाजलेल्या विटांचा चुरा अंगणभर पसरतो. बोस्नियात १९९२ ते ९५ च्या युद्धानंतर लोक आपल्या गावी परतू लागले तेव्हा घर, विहीर, शाळेची वाट आधी साफ करणं भाग होतं, आणि जिथे लवकर साफ करायचं तिथेच विटांचा ढीग, खिळे, गोळ्यांची टरफलं. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांतल्या खळग्यांत लाल माती आणि बॉक्साइटही आहे. ही माती शांत चुनखडीच्या मधोमध असते. दहा पावलं यंत्र गप्प, अकराव्याला बोंब. २०१४ च्या मे महिन्यात तिथे मोठा पूर आला आणि सुरुंग आपल्या नोंदलेल्या जागा सोडून मातीबरोबर सरकले. नकाशे निरुपयोगी झाले. पुन्हा यंत्र, पुन्हा जमीन.

एक गोष्ट वाचली तेव्हा मी चक्रावलो होतो. फार चुंबकीय जमिनीत प्लास्टिकचा सुरुंग असला तर त्या जागी माती नसते, म्हणजे तेवढी जागा ‘मुकी’ असते. यंत्राला ती पोकळी उलट्या आवाजासारखी लागते. उंदराचं बीळ आणि वाळलेल्या जमिनीची भेगही तशीच लागते. टाचणीएवढ्या धातूचा सुलट आवाज आणि पोकळीचा उलटा आवाज एकमेकांना खाऊनही टाकू शकतात. मग हाती शून्य.

यावरचा एक तोड सोन्याच्या शोधातून आला. १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एका माणसाला मेटल डिटेक्टरने २७ किलोचा सोन्याचा गोळा सापडला आणि सगळा देश यंत्रं घेऊन लोहखडकाच्या माळांवर उतरला. तिथली जमीन भयंकर बोलकी. अ‍ॅडलेडच्या मिनलॅब कंपनीतले अभियंते ब्रूस कँडी यांनी लहान-मोठ्या लांबीचे विजेचे झटके आळीपाळीने सोडणारं यंत्र केलं. रेंगाळणाऱ्या मातीचं उत्तर ठराविक पद्धतीने विरत जातं, त्यामुळे दोन झटक्यांची उत्तरं तोलून मातीचा भाग वजा करता येतो. हीच विद्या पुढे त्यांच्या सुरुंगशोधक यंत्रांत गेली. जाता जाता, याच अ‍ॅडलेडमध्ये १८८८-८९ साली बांधलेली मशीद आहे. ती उभारली उंटांच्या काफिल्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या वाळवंटात माल पोचवणाऱ्या ‘अफगाण’ लोकांनी. त्यातले कित्येक खरं तर पेशावर, बलुचिस्तान, सिंधकडचे होते. सोन्याच्या खाणींना दाणापाणी पोचवणाऱ्यांत हेच होते.

त्या अफगाणांच्या मूळ मुलखात सोव्हिएत फौजा १९८९ मध्ये परतल्या आणि मागे सुरुंग राहिले. काढायला बसले ते बहुतांश अफगाणच. रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणं हा ईमानचाच भाग आहे, हे आपण मकतबमध्ये शिकतो आणि काटा-दगड बाजूला करून समाधान मानतो. तिथल्या माणसांनी गुडघ्यावर बसून, हातभर पट्ट्याने, पिढीभर हेच केलं. यंत्र जिथे आवाजाने बेजार होई तिथे कुत्रे वापरले. कुत्रा बारुदाचा वास घेतो, त्याला मॅग्नेटाइटशी कर्तव्य नाही. मोझांबिकमध्ये तर आफ्रिकेतल्या मोठ्या उंदरांना हे शिकवलं. तो देश २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला. पण कुत्रा-उंदीर असले तरी शेवटी जागा नक्की करायला माणूस आणि यंत्र लागतंच.

तर मग कुठल्या जमिनीवर यंत्रावर किती भरवसा ठेवायचा? १९९० च्या दशकापर्यंत ज्याचा तो अंदाज होता. यंत्र विकणारा हवेत नाणं धरून खोली सांगायचा, आणि हवेत सगळीच यंत्रं शूर असतात. २००३ साली युरोपात सुरुंगशोधक यंत्रांच्या चाचणीचे नियम ठरले, त्यात जमीन मोजण्याची एक रीत आली. ती इतकी साधी आहे की आठवीच्या मुलाला समजावी.

दहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी घ्यायची, सायकलच्या बेअरिंगमधल्या छऱ्यापेक्षा थोडी मोठी. ठरलेल्या जातीचं यंत्र असं लावायचं की हवेत ती गोळी बरोबर दहा सेंटिमीटरवर ऐकू यावी, त्याच्या पलीकडे नाही. मग त्या यंत्राला न छेडता, जमिनीचा आवाज न मारता, ते स्वच्छ जमिनीवर वरून हळूहळू खाली आणायचं. ज्या उंचीवर ते नुसत्या मातीमुळे बोलायला लागतं ती उंची लिहायची. चुनखडीच्या वाळूवर वेटोळं टेकलं तरी आवाज नाही, म्हणजे उंची शून्य. बोलक्या मातीवर यंत्र कमरेपासून खाली यायला लागलं की वीतभर वरूनच ओरडतं. त्या आकड्यावरून कोणतं यंत्र न्यायचं, की यंत्र गुंडाळून इंचाइंचाने खोदायचं, हे ठरतं. याने सगळं कळतं असं नाही. ही उंची त्या एका जातीच्या यंत्राची, दुसऱ्याला तीच जमीन कमी-जास्त छळेल. म्हणून प्रत्येक यंत्राची त्याच मातीत वेगळी परीक्षा घ्यावीच लागते. पण एका देशातली जमीन दुसऱ्या देशातल्या जमिनीशी ताडून पाहायला यामुळे पहिल्यांदा एक मोजपट्टी मिळाली, आणि ‘आमचं यंत्र कुठेही चालतं’ म्हणणाऱ्याला विचारता येऊ लागलं: कितीच्या जमिनीवर?

काही लोक म्हणतात, ही तंत्रज्ञांची बाब, इतिहासात कशाला. मला ते पटत नाही. आपण लढायांचा इतिहास सनावळीने शिकवतो, तह झाला की धडा संपतो. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीकाठी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून, चढावरून आणि सुरुंगपट्ट्यातून उचलून आणलं, ते महिन्याभरात युद्ध संपणार होतं तेव्हा. युद्ध संपल्यावर त्या सुरुंगांवरून पुढे कुणाला नांगर चालवायचा होता. तो माणूस कुठल्याच धड्यात नाही. त्याच्या शेताची माती बोलकी होती की मुकी, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरलं असेल.

आज अशा पथकांत दिवसाची सुरुवात ठरलेली असते. सकाळी उन्ह चढायच्या आत कामगार आपापलं यंत्र घेऊन साफ केलेल्या पट्टीवर येतो, ती माती समोरच्या शेतातलीच असते. वेटोळं वरखाली करून तो यंत्राला त्या दिवसाची जमीन ऐकवतो. रात्री पाऊस पडला असेल तर कालचा आकडा चालत नाही, कारण ओली माती वेगळी बोलते. मग ठरलेल्या खोलीवर पुरलेल्या तुकड्यावरून यंत्र नेतो. बऱ्याच ठिकाणी ही खोली तेरा सेंटिमीटर असते. आवाज आला तर खूण केलेल्या फितीपाशी जाऊन गुडघे टेकतो. नाही आला तर ते यंत्र त्या दिवशी शेतात जात नाही.